आष्टीची पहिली सायकल

भाडेकरू ठेवायच्या आधी आमचे सर त्याला एक रेघ मारायला लावत. पट्टी न घेता, खडूनं, अंगणातल्या फरशीवर. वीज कंपनीच्या ऑफिसात माझी जालन्याला बदली झाली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझ्याही हातात त्यांनी खडू दिला. मी तुळशीपासून मोरीपर्यंत रेघ ओढली. सर गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मधी जरा डगमगली, पण शेवटाला सरळ आली. या राहायला." माझ्या आधी एक प्राध्यापक याच परीक्षेत नापास होऊन सामानासकट परत गेला होता, असं मला नंतर सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी सांगितलं.

सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. उंच, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. जेवताना, देवळात, कुणाच्या मयतीलासुद्धा ती पेन्सिल तिथंच असायची. बाजारात वांगं उचललं की आधी ते उन्हात धरून त्याची सावली बघायचे आणि मगच पिशवीत टाकायचे. रस्त्यात कुठली पाटी तिरकी दिसली की त्यांचा पाय पुढे पडत नसे. एकदा पोलीस चौकीची पाटी सरळ करायला ते स्टुलावर चढले आणि हवालदारानं खाली उतरा म्हटल्यावर त्यालाच स्टूल धरायला लावलं. "रेघ खोटं बोलत न्हाई" हे त्यांचं पालुपद. माणसांवर त्यांचा विश्वास कमी होता, रेघांवर पूर्ण.

मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'लाईटवाले'. वीज गेली की काठीनं जिना ठोकून ते खालून सांगायचे, "लाईटवाले, तुमची लाईट गेली." जणू मी ती खिशात घालून वर नेली आहे. सुरुवातीला मी फीडर, लोड असलं काहीबाही समजावत असे. मग सोडून दिलं आणि नुसतं "सॉरी सर" म्हणू लागलो. त्यानं त्यांचं समाधान होई.

आता त्यांच्या दोस्ताबद्दल सांगायला हवं, कारण सरांच्या सगळ्या विक्षिप्तपणाची दोरी शेवटी तिथंच बांधलेली होती. दोस्त म्हणजे उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्याच गल्लीत, चार घरं सोडून. दोघंही मूळचे आष्टीचे, एकाच एसटीनं शिकायला जालन्याला आलेले, एकाच खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवून खाल्लेले. सरांचे आजोबा निजामाच्या काळात आष्टीचे पटवारी होते आणि हेडमास्तरांचे आजोबा हकीम. त्यामुळे हे दोघं एकमेकांना 'पटवारी' आणि 'हकीम' म्हणत. पण मी राहायला गेलो तेव्हा म्हणत नव्हते, कारण त्यांच्यात बोलणंच बंद होतं.

भांडण झालं होतं आष्टीत, एका लग्नाच्या पंगतीत, आणि ते होतं सायकलीवरून. आष्टीत पहिली सायकल आपल्या आजोबांनी आणली, असं सरांनी नेहमीप्रमाणे सांगायला घेतलं. शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी हातातला बुंदीचा घास खाली ठेवला आणि म्हणाले, "पटवारी, तुझा आजा कॅरियरवर बसून फिरायचा. सायकल आमच्या आज्याची व्हती." पंगत खो खो हसली. सर अर्ध्या ताटावरून उठले आणि तडक एसटी स्टँडवर जाऊन बसले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना तोंड दाखवणं सोडलं.

म्हणजे दाखवत होते, पण आरशातून. गल्लीच्या तोंडाशी सलून होतं आणि दर रविवारी सकाळी दोघंही तिथं यायचे, कारण वार बदलणं म्हणजे माघार घेणं. एक खुर्चीत, दुसरा बाकावर, आणि मध्ये वस्तरा घेऊन बिचारा सलूनवाला. "त्यांना सांग, पंखा कमी करायला. सर्दी व्हती मला." "त्यांना सांग, सर्दीवाल्यानं खिडकीपाशी बसू न्हाई." एकदा सर तापानं आठवडाभर पडून होते आणि पुढच्या रविवारी खुर्चीतून हेडमास्तर आरशात बघत सलूनवाल्याला म्हणाले, "विचार त्यांना, काढा घेऊन राह्यले का न्हाई." सर म्हणाले, "सांग, घेऊन राह्यलो." सलूनवाल्यानं दोन्ही निरोप पोचवले, खरं तर दोघांनाही ते आधीच ऐकू आले होते.

असं चाललेलं असताना आष्टीचा एक म्हातारा सरांना सांगून गेला की त्या सायकलीची बातमी तेव्हा हैदराबादच्या एका उर्दू साप्ताहिकात छापून आली होती, चित्रासकट. सर पेटलेच. त्यांचा एक भाचा हैदराबादला नोकरीला होता. त्याला त्यांनी असा काही पिडला की त्यानं एका जुन्या ग्रंथालयात ते साप्ताहिक शोधून काढलं. पण कागद इतका जीर्ण की हात लावला की चुरा. ग्रंथालयानं त्याची मायक्रोफिल्म करून ठेवली होती आणि तिचीच एक प्रत मिळणार होती. भाच्यानं ती पोस्टानं धाडली. सर जाडजूड पुस्तकाची वाट पाहत होते आणि हातात पडली औषधाच्या डबीएवढी डबी, तिच्यात काळ्या फितीचं रीळ.

पहिल्या दिवशी त्यांनी फीत उन्हात धरून भिंगातून पाहिली. मुंग्यांची रांग दिसली. मी फोनवर फोटो काढून मोठा करून दाखवला, तर मुंग्या जाड झाल्या. ही फिल्म कुठल्याही मोठ्या शहरात पाठवा, कॉम्प्युटरवर चढवून देतात, असं मी सुचवलं. सरांनी डबी शर्टाच्या आतल्या खिशात घातली. पुरावा परक्याच्या हाती द्यायचा नाही, म्हणाले. भाच्यानं फोनवर सांगितलं की ही वाचायला एक खास मशीन येतं, मायक्रोफिल्म रीडर. खालून दिवा, मध्ये भिंग आणि वर टीव्हीसारखा पडदा. झालं. सरांच्या आयुष्यात आता एकच काम उरलं.

दोन-तीन कॉलेजांच्या लायब्रऱ्या त्यांनी पालथ्या घातल्या. एका ठिकाणी असं मशीन पूर्वी होतं, पण भंगारात गेलं, हे कळलं. दुसरा कुणी हे ऐकून निराश झाला असता. सर खूश झाले. कारण भंगारात गेलं म्हणजे ते जालन्याला येणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आमच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत आणि कुठकुठचं भंगार ट्रकांनी तिथं येऊन पडतं. रोज सकाळी सर सायकलवर टांग टाकायचे आणि भंगाराच्या गोदामांची फेरी करायचे. मशीनचं चित्र काढून त्यांनी प्रत्येक गोदामाच्या दारावर चिकटवलं होतं. चित्र इतकं सुबक होतं की त्या आशेवर लोक काहीही घेऊन यायला लागले. एक्स-रे बघायची पेटी आली. अंडी उबवायचं यंत्र आलं. ब्यूटी पार्लरमधलं वाफेचं टोपडंही आलं, ते काकूंनी तुळशीवर सावलीला लावलं.

शेवटी एका भंगारवाल्याचा फोन आला. "सर, टीव्हीवानी हाय, पण टीव्ही न्हाई. माल भट्टीवर निघालाय. जल्दी या." त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी मोटारसायकल काढली. आम्ही पोचलो तेव्हा ते धूड क्रेनच्या लोहचुंबकाला चिकटून हवेत लोंबत होतं. सरांनी आरडाओरडा केला नाही. ते क्रेनखाली गेले, खिशातून खडू काढला, जमिनीवर हातानंच एक गोल काढला, अगदी बिनचूक, आणि बाजूला सरून वर बोट करून म्हणाले, "इथं ठेव." क्रेनवाल्यानं त्या गोलाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मशीन बरोबर त्यात उतरवलं. इतकी वर्षं वीज खात्यात काढली, पण असा हुकूम मी कुणालाच देऊ शकलो नाही.

मशीन घरी आलं आणि मागच्या खोलीत त्याची स्थापना झाली. त्याचा दिवा गेलेला होता, तो आमच्या एका वायरमननं जीपच्या हेडलाइटचा बल्ब बसवून जमवला. उजेड आला की पडदा पुसट व्हायचा, म्हणून खिडकीला आणि दाराला बियाण्यांच्या कंपनीची रिकामी पोती शिवून लावली. आत शिंकायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, चप्पल बाहेर. दसऱ्याला काकूंनी सगळ्या यंत्रांबरोबर यालाही हळदकुंकू वाहिलं आणि ते नेमकं काचेवर सांडलं. पुढचे काही दिवस पडद्यावर अख्ख्या निजाम संस्थानाला देवी आल्यासारखं दिसत होतं. काकू म्हणाल्या, पूजा केली नसती तर मशीन चाललंच नसतं. सर कापसाच्या बोळ्यानं काच पुसत राहिले.

आणि एके दिवशी दुपारी खालून काठी वाजली. मी धावत गेलो, वीज तर होती. सर स्टुलावर ताठ बसले होते आणि पडद्यावर चित्र होतं. शिळाप्रेसवर छापलेलं, रेघांचं. मध्ये सायकल. दोन्ही बाजूंना दोन गृहस्थ, दोघांनाही शेरवानी, दोघांनाही गोंड्याची टोपी, दोघांनाही मिशा. एकानं हँडल धरलेलं, दुसऱ्याचा हात कॅरियरवर. खाली उर्दू मजकूर. "हँडलवाला आमचा आजा," सर म्हणाले. मी विचारलं, कशावरून? "नाक पाहा." दोघांची नाकं म्हणजे एकेक रेघ होती.

अडचण अशी की सरांना उर्दू येत नव्हतं. आमच्या गल्लीत उर्दू वाचणारी माणसं घरोघर होती, कुणालाही बोलावता आलं असतं. मी तसं म्हटलं. सरांनी मशीनचा दिवा बंद केला. "दुसऱ्यानं वाचलं तं हकीम म्हणंल, पटवारीनं पढवून आणला. अन् खरं सांगू का लाईटवाले, तो हरला तरी खोटं वाचणार न्हाई. असा दुसरा माणूस मला तरी ठाऊक न्हाई." पोत्यापलीकडून काकूंचा आवाज आला, मंग असल्या माणसाशी बोलत का न्हाई? सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि ती टोक असलेलीच पुन्हा तासू लागले. त्या दिवशी मला कळलं की या माणसाला सायकल जिंकायची होती हे खरं, पण त्याहून जास्त त्याला हकीम परत हवा होता, आणि जिंकल्याशिवाय त्याच्या दाराशी जायची त्याला लाज वाटत होती.

मग त्यांनी ते पान उतरवून काढायला घेतलं. मोठ्या ड्रॉइंग पेपरावर, चित्र आणि मजकूर, सगळं. अक्षर कळत नसलेला माणूस अक्षराची रेघ न् रेघ, वरखालचा टिंबाएवढा नुक्ता न् नुक्ता काढत होता. डोळ्यांना धारा लागायच्या, बल्ब तापायचा, मध्येच माझी लाईट जायची. पण कागद असा उतरला की छापल्यासारखा. तो घेऊन हेडमास्तरांकडे जायची कामगिरी अर्थातच माझ्यावर आली.

हेडमास्तरांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला, लांब धरला, फिरवून पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेला. "लाईटवाले, ही कोणती जबान हाय? हे उर्दू न्हाई. हे काहीच न्हाई. त्यांना सांगा, सायकलीवरून खुशाल भांडा, पण माझ्या जबानीची चेष्टा नको." कागद त्यांनी नीट गुंडाळून परत दिला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते दुखावले होते.

मी सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते आधी माझ्यावरच उखडले, मग मशीनवर. "रेघ न् रेघ बराबर हाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर भरवसा टाकला, तिनंच दोस्ताचा अपमान केला होता.

रविवारी ते स्वतः कागद घेऊन सलूनमध्ये गेले, मी मागोमाग. हेडमास्तर खुर्चीत होते, गालाला फेस. सरांनी आरशासमोरच्या भिंतीवर, खुर्चीच्या बरोबर मागे, कॅलेंडर बाजूला करून कागद टाचण्यांनी लावला. "त्यांना सांग," ते सलूनवाल्याला म्हणाले, "चेष्टा केली न्हाई. जे दिसलं तेच काढलं." हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. सलूनवाल्यानं हनुवटी धरून त्यांचं तोंड वर केलं तेव्हा त्यांना डोळे उघडावे लागले आणि नजर आरशात गेली. त्यांनी हात वर करून वस्तरा थांबवला. मग आरशात बघत, एकेक शब्द लावत वाचू लागले. "कस्बा आष्टी में सायकल की आमद." म्हणजे आष्टी गावात सायकलीचं आगमन.

कागदावर जे काहीच नव्हतं, ते आरशात उर्दू होतं.

"दाहिनी तरफ से," हेडमास्तर थांबले आणि मग आवाज जराही न बदलता पुढे वाचलं, "पटवारी साहब, और हकीम साहब. हँडल थामे हुए, सायकल के मालिक."

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. उजवीकडच्या माणसाच्या हातात हँडल होतं. "उजवीकडं पटवारी," ते म्हणाले, "अन् हँडल त्याच्याच हातात. हकीम, ऐकलं का?" इतक्या वर्षांनी ते थेट बोलले होते, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण बाकावरची आम्ही मंडळी माना डोलावत होतो.

हेडमास्तर वळले नाहीत. "पटवारी," ते शांतपणे म्हणाले, "कागद न्हाई, आरसा पाहा. मी आरशातून वाचून राह्यलो."

सरांनी आरशात पाहिलं. तिथं उजवीकडच्या माणसाचा हात कॅरियरवर होता. डावीकडचा हँडल धरून उभा होता. पोरांना वर्षानुवर्षं प्रतिबिंब शिकवलेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी आपला उजवा हात जरा वर केला, आरशातल्या हाताकडे पाहिलं आणि खाली घेतला. "म्हणजे फिल्म उलटी बसवली मी," ते म्हणाले. मशीनमध्ये फीत घालताना माणसांची डोकी वर आणि पाय खाली आले, की ती बरोबर बसली असं त्यांनी धरलं होतं. ती दुसऱ्या अंगानं घातली तर डोकी वरच राहतात आणि फक्त डावं-उजवं बदलतं, हे उर्दू येणाऱ्याला एका ओळीत कळलं असतं. गल्लीतल्या दुकानांवरच्या उर्दू पाट्या ते जन्मभर पाहत आले होते, त्यातल्या तिरक्या त्यांनी सरळही केल्या होत्या. पण अक्षराकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

हेडमास्तरांनी टॉवेलनं फेस पुसला. अर्धी दाढी झालेली, अर्धी राहिलेली, तसेच ते उठले. "चल, दाखव तुझं मशीन," म्हणाले. दोघं पुढे आणि आम्ही मागे अशी वरात घरापर्यंत गेली. ते मागच्या खोलीत शिरले, पोतं ओढून घेतलं, आणि थोड्याच वेळात आतून जोरजोरात भांडण्याचा आवाज येऊ लागला. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकला.

सर हरले, आणि हरल्यासारखे वागलेही. त्यांनी नवं, रंगीत चित्र काढलं. त्यात डावीकडं हकीम हँडल धरून ऐटीत आणि उजवीकडं पटवारी कॅरियरपाशी. खाली मराठीत आणि उर्दूत नावं, उर्दू हेडमास्तरांनी समोर बसून गिरवून घेतलेलं. ते चित्र सरांनी सलूनला भेट दिलं आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर लावलं. हेडमास्तर भारावून गेले होते. पुढे एका रविवारी दाढी करून घेताना ते खुर्चीतून ओरडले. चित्र आरशाच्या बरोबर समोर होतं. जो कुणी खुर्चीत बसेल, त्याला उजवीकडचा, म्हणजे बातमीप्रमाणे पटवारीच, हँडल धरलेला दिसणार होता. "चित्र खरं हाय," सर म्हणाले, "आरशाला मी काय करू?" हेडमास्तरांनी ते आरशाच्या बाजूच्या भिंतीवर हलवलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा समोर होतं. पुढची कितीतरी वर्षं ते चित्र या भिंतीवरून त्या भिंतीवर जात राहिलं आणि सलूनवाल्याच्या दोन्ही भिंतींची खिळ्यांनी चाळण झाली.

उरलेल्या वेळात दोघं मशीनपुढे बसत. हेडमास्तर त्या साप्ताहिकातल्या बाजारभावाच्या, चोऱ्यांच्या, हरवलेल्या बैलांच्या बातम्या वाचून दाखवत आणि सर हँडल फिरवत. येता-जाता मीही थोडं उर्दू शिकलो, निदान सुलटं आणि उलटं ओळखण्याइतकं.

मग माझी बदली झाली. गेल्या हिवाळ्यात सर गेल्याचा फोन आला आणि मी जालन्याला गेलो. अंगणाची फरशी धुतलेली होती. काकूंशी बोलून झाल्यावर त्यांनीच मागच्या खोलीकडे मान केली. ते रोज येऊन बसून राह्यलेत, म्हणाल्या.

मी पोतं सारून आत गेलो. हेडमास्तर सरांच्या स्टुलावर बसले होते. मशीन चालू होतं, जीपचा बल्ब जळत होता आणि पडद्यावर तेच चित्र होतं. मी खालच्या ओळीकडे पाहिलं. अक्षरं उलटी होती.

"हेडमास्तर," मी हळूच म्हणालो, "फिल्म उलटी लागलीय."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मालूम हाय. मीच लावली." उजवीकडचा गृहस्थ हँडल धरून उभा होता. "आजच्या दिवस राहू द्या, लाईटवाले. धरू द्या त्याच्या आज्याला हँडल."

दारातून उजेडाची एक तिरीप पडद्यावर पडत होती आणि चित्र पुसट दिसत होतं. मी मागे जाऊन पोतं नीट ओढून घेतलं.